लॉट

सौद्याच्या पत्रकात पहिला रकाना लॉटचा.
एकवीस वर्षं तो मीच भरतो,
सांगलीच्या मार्केट यार्डात, उंबराणीकरांच्या आडतीत:
लॉट सतरा, राजापुरी, पोती चाळीस.
लॉट अठरा, गड्डा, पोती नऊ, जरा ओल आहे.
कानाला पेन्सिल, बोटं पिवळी,
आणि एकवीस वर्षांत या शब्दाचा अर्थ
मला लागला नव्हता, कारण लागतच नव्हता.

परवा शेवंता ऐवळे झाडू थांबवून म्हणाली,
"दिवाणजी, सारखं लाट लाट काय वरडत्यात ओ?"
"लाट न्हवं, लॉट. इंग्रजी हाय."
"म्हंजी?"
मी ढिगाकडं बोट केलं.
"मग ढीग म्हणाय काय हुतंय?"

रात्री पोराचा जुना शब्दकोश काढला.
पुठ्ठा गेलेला, 'के'च्या पुढचाच शाबूत.
लॉट: ढीग, मालाचा गट.
लॉट: पुष्कळ.
इथं मला हसू आलं.
पुष्कळ म्हणे! एवढंच?
आमच्या तासगावच्या मावशीला विचारायचं होतं,
लई, बक्कळ, रग्गड, मायंदाळ,
आणि पंगतीत वाढपी हटेना झाला की
पानावर आडवा धरलेला हात,
त्याचाही अर्थ पुष्कळच.

पुढं:
वाटा.
वाटणीसाठी टाकलेली चिठ्ठी.
जमिनीचा तुकडा.
नशीब.
एकाखाली एक चारही, जणू
कोणी आमच्या घरी येऊन उतरवून नेले होते.

आम्ही तिघं भाऊ. पितळी फुलपात्रात तीन चिठ्ठ्या.
थोरल्याच्या सुमेधानं काढल्या, वय वर्षं पाच, डोळे मिटून.
थोरल्याला गावभागातलं दुकान,
मधल्याला मिरज रस्त्याचा प्लॉट,
मला हरिपूरचं पेव.
पेव म्हणजे जमिनीत खणलेला अंधार,
तोंड अरुंद, पोट मोठं,
त्यात हळद वर्षानुवर्षं झोपायची, कीड शिवायची नाही.
माझी चिठ्ठी निघाली तेव्हा त्यात
कृष्णेचं पाणी शिरून वर्ष झालं होतं.
सुमेधा टाळ्या वाजवत होती.
मी तिला पेढा दिला.
काय करणार, हात तिचा होता.

अजून कधीमधी सायकल काढून जातो.
तोंडावरची फरशी सरकवून आत हाक घालतो,
नावानं नाही, नुसतं "ओ".
परत येतो तो आवाज माझा नसतो,
जाडसर, दमट,
व्यापाऱ्यानं भाव न सांगता हुंकार द्यावा तसा.

शेवंताला दुसऱ्या दिवशी सगळं वाचून दाखवलं.
नशिबापाशी ती थांबलीच नाही.
म्हणाली, "ह्यो शबूद तर आमचाच की.
झाडलोटीतला लोट.
दार लोट, केर लोट, हिकडनं तिकडं लोट.
धुरळ्याचा लोट उठतोय त्यो बगा.
दिस लोटलं म्हणत न्हाईसा व्हय?
इंग्रजानं नेला आसंल, तोंड वाकडं करून."

शब्दकोशात हे नव्हतं.

संध्याकाळी सौदे उरकले, हमाल नळावर गेले,
तिनं शेडभरचा केर चाळला:
हळदकणी, माती, सुतळीचे तुकडे, कुणाचं तरी बटण.
कणीची पाटी काट्यावर ठेवली. साडेचार किलो.
ती आडतीची, असा रिवाज.
लिहायची नाही, असाही रिवाज.

मी पत्रकाच्या शेवटच्या ओळीखाली लिहिलं:
लोट एक, शेवंता ऐवळे, साडेचार किलो.

सकाळी मालकांनी तांबड्या पेनानं गोल केला.
"दिवाणजी, मात्रा चुकलीय. चंद्र काढा."
बाकी काही बोलले नाहीत.
नाव त्यांच्या ध्यानात आलं नाही,
का आलं, कोण जाणे.

मी मान डोलावली आणि बराच वेळ
खोडरबर शोधत राहिलो.
तो वरच्या खिशातच होता.
शेडच्या पल्याड टोकाला
खर्र खर्र चालू झालं होतं.